आईचीही डिलिव्हरी लवकर, माझीही. हे रक्तातच आहे का?

प्रश्न : डॉक्टर, माझं पहिलं बाळ ३२व्या आठवड्यात झालं, कळा नव्हत्या, रात्री अचानक पाणीच गेलं. त्याआधी महिनाभर अंगावरून पांढरं जात होतं, वासही यायचा, पण लाजेपोटी कुणाला बोलले नाही. माझा स्वतःचा जन्मही सातव्या महिन्यातला. आता पुन्हा तिसरा महिना चालू आहे. घरचे म्हणतात तुमच्या घराण्यातच आहे. खरंच तसं असतं का, की माझ्या दुर्लक्षामुळे झालं?

उत्तर : आधी तो दोष डोक्यातून काढा, तुमच्यामुळे झालेलं नाही. पांढरं जाणं गरोदरपणात वाढतंच, पण पातळ, राखाडीसर, माशासारखा वास असलेलं असेल तर बहुतेक वेळा बॅक्टेरियल व्हजायनोसिस असतं. म्हणजे योनीतले चांगले लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होतात, तिथली आम्लता कमी होते, पीएच ४.५ च्या वर जातो आणि दुसरे जंतू माजतात. ते वर गर्भपिशवीकडे सरकले की शरीर त्यांच्याशी लढायला सूज आणणारी रसायनं सोडतं, आणि त्याच लढाईत बाळाभोवतीचं पाण्याचं आवरण कमजोर पडून फुटू शकतं, कळाही लवकर सुरू होतात.

आता घराण्याचं. हे इन्फेक्शन असूनही बऱ्याच जणींचे दिवस पूर्ण भरतात, मग काहींनाच त्रास का? काहींचं शरीर तेवढ्याच जंतूंवर जास्त भडकतं, आणि हे थोडंफार जनुकांवर ठरतं. २००४ च्या एका अभ्यासात टीएनएफ या सूज वाढवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार आणि हे इन्फेक्शन, दोन्ही असलेल्या बायकांमध्ये लवकर डिलिव्हरीचा धोका जास्त दिसला होता. तो अभ्यास लहान होता, त्यावरून कुणाचं भविष्य सांगता येत नाही आणि त्यासाठी जीन टेस्ट करून पैसे तर अजिबात घालवू नका, रिपोर्ट काहीही आला तरी उपचार बदलत नाहीत.

जनुकं बदलता येत नाहीत, इन्फेक्शन मात्र पकडता येतं. पुन्हा वास, खाज, जळजळ जाणवली तर त्याच आठवड्यात दाखवा, स्वॅब (कापसाच्या काडीने स्रावाचा नमुना) घेतील, लागलं तर मेट्रोनिडाझोल हे जंतू मारणारं औषध देतील, ते गरोदरपणात देतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने क्रीम आणू नका, बुरशीचं क्रीम या जंतूंवर चालत नाही. आतून धुणं पूर्ण बंद, त्याने चांगले जंतूही वाहून जातात. लघवीचं कल्चर करून घ्या, तिथलं इन्फेक्शन काहीच त्रास न देता लपून राहतं. एक सांगते, इन्फेक्शन बरं झालं म्हणजे लवकर डिलिव्हरी टळलीच असं नाही, म्हणून आधीची ३२ आठवड्यांची गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा. चौथ्या महिन्यापासून योनीमार्गे सोनोग्राफी करून गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी बघतात, २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन किंवा त्या तोंडाला टाका घालणं याचा विचार करता येतो.

आणि आईला एकदा नीट विचारा, तुमच्या वेळी आधी पाणी गेलं होतं, कळा आल्या होत्या, की बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनीच लवकर केलं होतं? बीपीमुळे असेल तर गोष्टच वेगळी, तपासण्याही मग वेगळ्या लागतात.