वाचक विचारतात : चर्चचा हॉल आणि वस्तीतली अभ्यासिका

या वेळी मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांमधून (मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद) चालणाऱ्या शिकवणीच्या आणि सेवेच्या कामाबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळीने जूनमध्ये शेजारच्या वस्तीतल्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका सुरू केली. सुरुवातीला वीस-पंचवीस मुलं यायची. नाताळनंतर चारच उरली. फी नाही, शिकवणारे चांगले, खाऊही देतो. चुकतंय कुठे?

‘नाताळनंतर’ हा शब्द तुम्हीच लिहिला आहे, तिथूनच सुरुवात करू. नोव्हेंबर संपत आला की हॉल क्वायरच्या (चर्चच्या गायकवृंदाच्या) ताब्यात जातो. मग नाटकाची तालीम, मग सजावट, मग ‘आता जानेवारीतच बघू’. पाच-सहा आठवडे अभ्यासिका बंद. दहावीच्या मुलाला नेमके हेच आठवडे हवे असतात, कारण बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी. तो दुसरीकडे सोय बघतो आणि त्याच्यामागून त्याच्या गल्लीतली बाकीची मुलंही जातात. तेव्हा चर्चच्या समितीत जूनमध्येच ठराव करून घ्या: डिसेंबरभर साडेसहा ते साडेआठ हॉल मुलांचा, क्वायर साडेआठनंतर. ते जमणारच नसेल तर पाळकगृहाचा व्हरांडा किंवा शब्बाथ शाळेची (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची) खोली आधीच ठरवून ठेवा. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्याचंही तसंच. ठराव इतिवृत्तात लिहिलेला हवा. तोंडी बोलणं डिसेंबरात कुणालाच आठवत नाही.

दुसरं कारण शिकवण्याच्या पद्धतीत असतं. आठवीतल्या मुलाला आठवीचंच बीजगणित शिकवायला घेतलं आणि त्याला तीन अंकी संख्येला एक अंकाने भागता येत नसेल, तर तो गप्प बसतो आणि चार दिवसांनी दिसेनासा होतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून दहा मिनिटं तपासा. ‘प्रथम’ संस्थेच्या असर पाहणीत वापरतात ती पट्टी इथे चालते: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट; गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी, भागाकार. मोठ्या मुलांसाठी त्यात अपूर्णांकांची बेरीज आणि इंग्रजीतलं एक साधं वाक्य वाचणं जोडा. ही तपासणी इतर मुलांसमोर करू नका. मग पहिली चाळीस मिनिटं इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट पाडा आणि उरलेला वेळ शाळेच्या अभ्यासाला द्या. नुसता गृहपाठ करून घेणारी अभ्यासिका म्हणजे वह्या भरायचा कारखाना. आई-वडील खूश होतात, मूल मात्र तिथल्या तिथेच राहतं.

तिसरी गोष्ट नजरेआड होते, ती म्हणजे उजेड आणि बसण्याची जागा. जुन्या चर्चच्या हॉलचं छत पंधरा-वीस फुटांवर असतं आणि ट्यूब तिथेच लावलेल्या असतात, त्यामुळे वहीवर उजेड पोचतच नाही. वीस बाय तीस फुटांच्या खोलीला 20 वॅटच्या दहा एलईडी ट्यूब लागतात, आणि त्या साखळीने खाली सोडून जमिनीपासून आठ फुटांवर आणायच्या. उपासनेच्या बाकांना लिहायला फळी नसते, मुलं मांडीवर वही ठेवून कुबडं काढून लिहितात. सतरंजी अंथरा आणि बारा बाय अठरा इंचांची प्लायवूडची पाटी प्रत्येकाला द्या. कडा घासून घ्यायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी बोटात कूस जाते.

गळती थांबवायला आपल्याच घरातली एक जुनी युक्ती आहे. 1742 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मंडळीवर सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. ते फेडायला सभासदांचे साधारण बारा-बारांचे गट केले. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि गटाच्या पुढाऱ्याने घरोघर जाऊन ती गोळा करायची. पैसे गोळा करता करता कोण आजारी, कोण अडचणीत हे पुढाऱ्याला कळू लागलं आणि मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्लींनी तीच पद्धत सगळीकडे लागू केली. अभ्यासिकेत हेच करा. दर बारा मुलांमागे एक पुढारी, त्याने शिकवलंच पाहिजे असं नाही. मूल लागोपाठ दोन दिवस आलं नाही की तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जायचं, फोन करून भागवायचं नाही. घरी गेल्यावर कळतं की मुलगी येत नाही कारण परतीच्या रस्त्यावरचा दिवा बंद आहे. हे फोनवर कुणी सांगत नाही. मुलींना गटाने आणि मोठ्या माणसाबरोबर घरी सोडायची सोय पहिल्या दिवसापासून हवी.

शेवटचं, पाळकसाहेबांची बदली. आपल्या पद्धतीत पाळकांच्या नेमणुका बिशप रीजनल कॉन्फरन्समध्ये (प्रादेशिक परिषदेत) करतात, त्यामुळे एकट्या पाळकांच्या उत्साहावर चाललेलं काम पुढच्या नेमणुकीपर्यंतच टिकतं. किल्ली, हजेरीपट आणि पैशांची वही मंडळीतल्या दोन सभासदांकडे असू द्या, त्यांतला एक महिला मंडळाचा असेल तर उत्तम.

प्रश्न : वर्ग प्रार्थनेने सुरू करावा का? बहुतेक मुलं ख्रिस्ती नाहीत. मंडळीत यावरून दोन तट पडले आहेत.

करू नये. संविधानाच्या अनुच्छेद 28 प्रमाणे सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेतही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सामील करता येत नाही. तुमचा वर्ग मान्यताप्राप्त शाळा नसला तरी हीच मर्यादा पाळा. प्रवेशाच्या फॉर्मवर मराठीत स्पष्ट लिहा: वर्ग सर्वांसाठी मोफत आहे, त्यात धार्मिक शिक्षण नाही, शब्बाथ शाळा वेगळी आहे आणि तिथे येणं न येणं ऐच्छिक आहे. खाली पालकाची सही घ्या. खाऊ, वह्या, दप्तर उपासनेला येणाऱ्यांना आणि न येणाऱ्यांना सारखंच. नाताळच्या कार्यक्रमात मुलांना नाचायला-गायला घ्यायचं असेल तर आधी पालकांना विचारा. जो तट म्हणतो की प्रार्थना नाही तर मग ही सेवा कसली, त्यांना दार उघडायला साडेसहाच्या आधी पंधरा मिनिटं यायला सांगा आणि शिकवणाऱ्यांनी तेवढ्या वेळात आपापसांत प्रार्थना करावी. कुणाची हरकत असायचं कारण नाही.

प्रश्न : मुलांच्या सुरक्षिततेसाठी काय नियम असावेत?

एक मोठा माणूस आणि एक मूल बंद खोलीत कधीच नको. हॉलमध्ये नेहमी दोन मोठी माणसं हवीत आणि ती एकाच घरातली नसावीत. दार उघडं. शिकवणाऱ्याने मुलाला खासगी मेसेज पाठवायचा नाही, पालकांच्या ग्रुपवर लिहायचं. फोटो फक्त लेखी परवानगीने. आणि एक गोष्ट समितीतल्या वडीलधाऱ्यांनी नीट ऐकावी: लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं तर पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा आहे. ‘चर्चचं नाव जाईल, आत मिटवू’ हा पर्याय उपलब्ध नाही. 1098 हा बालमदतीचा क्रमांक भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा.

प्रश्न : मंडळीतल्या काही तरुणांची आणि बायकांची शाळा आठवी-नववीत सुटली. दहावी कशी करवून घ्यावी?

दोन वाटा. राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका शाळेतल्या मुलांचीच. फॉर्म साधारण पावसाळ्यात निघतात, दिवाळीनंतर जाग आली तर वर्ष गेलं असं समजा. दुसरी वाट एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दहावीसाठी वय 14 पूर्ण हवं, किमान पाच विषय, त्यांत किमान एक भाषा, आणि नोंदणी पाच वर्षं चालते, म्हणजे सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. मराठी माध्यम आहे. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. धुणीभांडी, गवंडीकाम करून शिकणाऱ्याला हीच वाट झेपते: एका खेपेला दोन विषय.

चूक विषय निवडताना होते. सोपं म्हणून गणित-विज्ञान टाळून गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री घेतात, पास होतात आणि मग कळतं की इंजिनीअरिंगच्या पदविकेला गणित आणि विज्ञान लागतं, आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडनाही लागतं. फॉर्म भरण्याआधी ‘पुढे काय करणार?’ हे विचारा. नुसती नोकरीतली बढती किंवा एखादी जागा हवी असेल तर त्या जागेची जाहिरात समोर ठेवूनच विषय ठरवा. फॉर्मवरचं नाव, आधारवरचं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं घोडं इथेच अडतं, त्यामुळे ती कागदपत्रं आधी गोळा करा.

प्रश्न : आमच्या शहरात मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन मेथडिस्ट मंडळ्या आहेत. तिन्ही ठिकाणी तेच शिवणवर्ग, तेच आरोग्य शिबिर. एकत्र करता येईल?

करायलाच हवं. प्रत्येक मंडळीने एकच काम घ्यावं आणि ते वर्षभर चालवावं. इंग्रजी मंडळीत बोलणारी माणसं असतात, तिथे शनिवारी इंग्रजी संभाषण; मराठी मंडळीत निवृत्त शिक्षक, तिथे अभ्यासिका. पैसे एकत्र करू नका, प्रत्येक कामाचा हिशेब ते चालवणाऱ्या मंडळीतच राहू द्या. एकत्र फक्त वेळापत्रक आणि स्वयंसेवकांची यादी. डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंटना (भागातल्या मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या पाळकांना) तिमाही अर्धं पान पाठवा, त्यात किती आले यापेक्षा किती टिकले हे लिहा.

शिवणवर्गात एका मशीनवर तीनपेक्षा जास्त बायका नकोत, आणि ब्लाउज-फॉलपिकोवर वर्ग संपवू नका. शाळेच्या गणवेशाची, पिशव्यांची ऑर्डर मिळेपर्यंत तो अर्धाच आहे.

आरोग्य शिबिराबद्दल आमचं मत कडक आहे: तपासून सोडून द्यायचं असेल तर घेऊच नका. आधी जवळच्या दवाखान्याशी ठरवा की शिबिरात सापडलेल्या माणसाला आठ दिवसांच्या आत वेळ मिळेल, मगच मांडव घाला. उपासना संपल्या संपल्या रक्तदाब मोजू नका. लोक चहा घेऊन, जिने चढून आलेले असतात. अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसवा, दंड हृदयाच्या पातळीवर, आणि दोनदा मोजा. 140/90 च्या वर आलं तर ‘बीपी आहे’ असं सांगू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला सांगा. साखर तपासताना बोटावरचं स्पिरिट वाळू द्या, नाहीतर आकडा चुकतो. पट्ट्यांच्या डबीवरची मुदत बघा, सुई प्रत्येकाला नवी, आणि वापरलेल्या सुया न भोसकणाऱ्या जाड डब्यात घालून दवाखान्याकडे परत. घंटागाडीत कधीच टाकू नका.

प्रश्न : मंडळीतली काही मुलं अमेरिकेत आणि आखातात आहेत, त्यांना अभ्यासिकेला पैसे पाठवायचे आहेत. घेता येतील का?

पासपोर्ट कुठला, यावर सगळं अवलंबून आहे. भारतीय नागरिकाने परदेशातून स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत आणि तसं पत्र फाइलला लावून ठेवा. पण तो अमेरिकन नागरिक झाला असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी ती परकीय देणगी, आणि एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. नोंदणी असली तरी पहिली जमा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच व्हावी लागते. ‘दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे मागवू आणि त्यांच्याकडून घेऊ’ ही पळवाट 2020 च्या दुरुस्तीने बंद झाली आहे. मंडळीतल्या कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर मागवून संस्थेसाठी वापरणं तर त्याहून वाईट, कारण तिथे अडकतो तो खातेदार. ज्यांचा पासपोर्ट बदलला आहे त्यांना रोख मागू नका. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर दहावीच्या मुलांना तासभर इंग्रजी किंवा विज्ञान शिकवायला सांगा. अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावर असतील तर आपले संध्याकाळचे सात म्हणजे त्यांची सकाळ, तेव्हा शनिवार धरा.