गावकऱ्यांनीच शिकवायचा प्रश्नोत्तरांचा बॉट करायचाय. आधी मॉडेल निवडू की माहिती गोळा करू?

माहितीच, पण उत्तरं नाही, प्रश्न गोळा करा. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात आमच्या शेतकरी गटासाठी असा टेलिग्राम बॉट केलाय, दोन हंगाम झाले.

सुरुवातीला कृषी विद्यापीठाच्या घडीपत्रिका टाईप करून भरल्या. पण गावात 'कपाशी' म्हणतं कोण? पऱ्हाटी म्हणतात. "पऱ्हाटी लाल पडून राह्यली" म्हटलं की बॉट गप्प, कारण आत 'लाल्या विकृती' लिहिलेलं. मग एकेका उत्तराखाली लोकांच्या तोंडचे प्रश्न जसेच्या तसे जोडत गेलो. लाल्याच्या उत्तराला आज 19 प्रश्न आहेत, निम्मे निंदणाला जाणाऱ्या बायांचे. त्या व्हॉइस नोटच पाठवतात, लिहीत बसत नाहीत.

खरा घोळ दुसऱ्या प्रश्नात होतो. "डोमकळ्या दिसून राह्यल्या" (डोमकळ्या म्हणजे गुलाबी बोंडअळीमुळं न उमललेली, गुलाबासारखी मिटलेली फुलं) याचं उत्तर मिळालं की लगेच "मंग सापळे किती?" यात ना पीक, ना अळी. आमच्या बॉटनं सरळ उंदराचे सापळे सांगितले, पारावर आठवडाभर हसे झाले. आता मागचा विषय जोडून, 'पऱ्हाटी, गुलाबी बोंडअळी, कामगंध सापळे' (वासानं नर पतंग ओढणारे सापळे) असा पूर्ण प्रश्न करूनच शोधतो. हेक्टरी 5 हे उत्तरही एकरी 2 असं फिरवून ठेवलं. वावर हेक्टरात मोजतो कोण!

औषधाच्या मात्रेत मात्र चेष्टा नको. एकानं "पंपाला दोन झाकणं" असं शिकवलं होतं. कोणतं झाकण? पंप कुणाचा 15 लिटरचा, कुणाचा 20 चा. 2017 साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसएक शेतकरी-मजूर गेले. म्हणून शिकवावं कोणीही, पण औषधाचं उत्तर सहायक कृषी अधिकाऱ्यांनी (आधीचे कृषी सहायक) पाहिल्याशिवाय बाहेर जात नाही.

मॉडेलचं म्हणाल तर प्रश्नाला प्रश्न जुळवणारं, मराठी येणारं तयार एम्बेडिंग मॉडेल (वाक्याचा अर्थ आकड्यांत मांडून जवळची वाक्यं शोधणारं) पुरतं. उत्तर साठवलेलं तेच द्यायचं, त्याला मनानं रचू द्यायचं नाही. जुळणी कच्ची असली की आमचा बॉट "मले मालूम नाही, इचारून सांगतो" म्हणतो आणि प्रश्न यादीत टाकतो. बाजाराच्या दिवशी ती यादी आम्ही मोठ्यानं वाचतो. सध्या सगळ्यात वर आहे, "रोही (नीलगाय) कोणतं पीक खात नाही?" त्याचं उत्तर अजून कोणी शिकवलेलं नाही.