अर्ध्या पगाराचा हिशोब

"मॅडम, पेन्शन तर आत्ताच पूर्ण बसायलीय, मग अजून कशाला राबायचं?" हा प्रश्न परभणीतील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत मी इतक्यांदा ऐकला आहे की, समोरच्याच्या हातात वेतनपावती दिसली की पुढचे वाक्य मला बहुधा आधीच कळते. यांपैकी एका गृहस्थांविषयी, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, लिहीत आहे.

वय 55, एका शासकीय कार्यालयात वरिष्ठ लिपिक, 1996 सालची नेमणूक. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून, म्हणून निवृत्ती 31 मे 2028 रोजी. (मराठवाड्यात 1 जून हा निम्म्या गावाचा वाढदिवस असतो, कारण दाखल करून घेताना गुरुजींनी तीच तारीख लिहिलेली असते, यांच्या आईच्या मते मुलगा पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा.) पावतीच्या मागे त्यांनी मूळ वेतनाचे 62,000 आणि त्याखाली 31,000 असे दोन आकडे लिहून दुसऱ्याभोवती पेनाने दोनदा गोल काढला होता. "हे घरी बसून मिळणार. म्हणजे उरलेल्या निम्म्यासाठी मी दिवसभर खुर्चीत बसायलो. अर्ध्या पगारावर काम करायलो की मी!"

हिशोब खोटा नव्हता. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना शेवटच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते. त्यासाठी पूर्वी 33 वर्षांची सेवा लागत असे, ती अट 2009 मध्ये 20 वर्षांवर आली, आणि 20 वर्षांनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्तीही घेता येते. थांबल्यास दरवर्षी तीन टक्क्यांची वेतनवाढ मिळून निवृत्तिवेतनही वाढेल, उपदानही (ग्रॅच्युइटी) वाढेल, हे मी सुचवले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, "ते धरलंय मी." माझ्याकडे येणारी माणसे आकडेमोडीत माझ्यापेक्षा हुशार असतात, हे मी फार पूर्वीच मान्य केले आहे.

दुसऱ्या भेटीत मी त्यांच्या समोरच्या टेबलाविषयी विचारले. तिथे 2008 मध्ये लागलेले सहकारी बसत. त्यांनी नोकरी सोडण्याचा विषय कधीच काढला नव्हता.

"त्यांना कामाची फार आवड असेल."

"आवड कुठली! त्याला एनपीएस आहे, ती पगारातून पैसे जमा होणारी नवी पेन्शन. मधेच सोडलं तर जमा रकमेतले 80 टक्के वार्षिकीत, म्हणजे थोड्या थोड्या हप्त्यांनी मिळणाऱ्या पेन्शनमध्ये, अडकतात, वय पूर्ण करून गेला तर 40. तो कशाला सोडतोय?"

"म्हणजे त्यांचं थांबणं नियमामुळे. आणि तुमचं जाणं?"

ते हसले, पण उत्तर दिले नाही. मीही रेटले नाही. या ठिकाणी घाई करणारे समुपदेशक मी पाहिले आहेत, आणि सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतःही त्यांतलीच होते.

तिसऱ्या भेटीत मी एकच प्रश्न ठेवला. "समजा, 33 वर्षांची जुनी अट उद्या परत आली, तर?"

"मग थांबेन की," ते पटकन म्हणाले, आणि स्वतःचेच उत्तर ऐकून गप्प झाले. त्यांनी पावती उलटी केली, सुलटी केली, घडी घालून खिशात ठेवली. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न पाहता, ते बोलू लागले. कार्यालयात टिपणी संगणकावर आली होती, ती यांना चढवता आली नाही, तेव्हा नव्या साहेबांनी कामासाठी आलेल्या लोकांदेखत विचारले होते, "एवढ्या वर्षांत शिकलात काय?" ज्या माणसाच्या हाताने लिहिलेल्या टिपण्या एकेकाळी नव्या लिपिकांना नमुना म्हणून दाखवल्या जात, त्याला हा प्रश्न घरी सांगता आला नव्हता. निम्म्या पगाराचा हिशोब त्याच आठवड्यात सुरू झाला होता.

माणूस घटनेपेक्षा तिच्याविषयी स्वतःशी म्हटलेल्या वाक्याने अधिक हलतो, असे मानणाऱ्यांपैकी मी आहे. इथे खरे वाक्य होते "मी आता कामाचा राहिलो नाही", आणि नियमाने त्याला आकड्यांचा चांगला सदरा शिवून दिला होता, ज्याच्याकडे बोट दाखवले की कोणी पुढे विचारत नाही. हे मला नियमाकडे पाठ फिरवून नव्हे, नियमच बदलून पाहिल्यामुळे दिसले, याचा मला थोडा अभिमान आहे.

म्हणून स्वेच्छानिवृत्तीचा विचार करणाऱ्यांना मी आता हाच प्रश्न आधी विचारायला सांगते: नियम वेगळा असता, तरी तुम्ही याच वर्षी निघाला असता का? दुखणे, अंथरुणाला खिळलेली आई, वाट पाहणारी शेती, अशा कारणांनी उत्तर "हो" येत असेल, तर नोटीस जरूर द्यावी. तशा तिघांना मीच बळ दिले आहे. उत्तर अडखळत असेल, तर सहा महिने थांबावे आणि अडखळण्याचे कारण घरातल्या एका माणसाला तरी सांगावे.

या गृहस्थांनी पत्नीला सांगितले. टिपणी चढवायला त्यांना त्या एनपीएसवाल्या सहकाऱ्याने, जेवणाच्या सुट्टीत, पंधरा दिवसांत शिकवले. शेवटच्या भेटीत मी नोटिशीच्या मसुद्याचे विचारले, तेव्हा तो कपाटात सेवापुस्तकाच्या प्रतीखाली ठेवला आहे, असे त्यांनी सांगितले. फाडून टाका, असे मी म्हटले नाही.