जुना गार्डन ट्रॅक्टर घ्यावा का?

प्रश्न: आम्ही ओहायोत राहतो, घराभोवती दीड एकर गवत आहे. शेजारगावात एक आजोबा 1964 चा कब कॅडेट 100 विकतायत, दिसायला एकदम भारी, पण हिला वाटतं मी भंगार आणतोय. घेऊ का?

उत्तर: वहिनींचं अगदीच चूक नाही हो, पण मशीन दमदार आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेट 1961 मध्ये आणला आणि तुमच्या या मॉडेलला 10 हॉर्सपॉवरचं कोलर कंपनीचं सिंगल सिलिंडर इंजिन, ओतीव लोखंडाचं, म्हणजे रीबोअर करून (झिजलेला सिलिंडर आतून पुन्हा कातून) परत उभं करता येतं. आजोबांना आधीच सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका, गेल्यावर पहिलं इंजिनला हात लावा, थंड असेल तरच पुढचं बोलायचं (गरम इंजिन सहज चालू होतं, दोष झाकला जातो), आणि चालू झाल्यावर निळा धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय समजा.

पण खरी गोम डेकमध्ये, म्हणजे खालच्या ज्या पत्र्याच्या झाकणात गवत कापायचं ब्लेड फिरतं त्यात असते! लोक इंजिनवर भाळतात आणि खाली वाकून बघतच नाहीत (मीही एकदा असाच फसलोय, पत्रा बोटाने दाबला तर आत गेला). इंजिन चुकून चालू होऊ नये म्हणून स्पार्क प्लगची वायर काढून ठेवा, मग ब्लेड हाताने वरखाली हलवा, खडखडलं तर बेअरिंग गेलंय. डेक नसेल तर किंमत चांगली पाडून मागा, वेगळा डेक शोधताना घाम निघतो.

आणि एक, इतक्या जुन्या मशीनला सीटखाली सेफ्टी स्विच नसतो, तुम्ही उतरलात तरी ब्लेड फिरतच राहतं, त्यामुळे पोरांना मांडीवर घेऊन फिरवायचं नाही म्हणजे नाही.