सगळ्यांना आवडते, पण प्रयत्न करूनही तुम्हाला आवडली नाही अशी टीव्ही मालिका कोणती?

गेम ऑफ थ्रोन्स. तीनदा सुरू केली, तीनदा सोडली. 2011 ते 2019, आठ सीझन, 73 भाग. आणि माझी मजल पहिल्या सीझनच्या नवव्या भागापर्यंत.

पहिली अडचण नावांची. स्टार्क, लॅनिस्टर, टारगेरियन, बॅराथिऑन... दुसऱ्या प्रयत्नात तर वहीच्या मागच्या पानावर वंशावळ काढून बसलो होतो. बायको म्हणाली, "परीक्षा आहे का?" (महाभारतात याहून जास्त माणसं आहेत, पण ती आजीने जेवता जेवता ओळखीची करून दिली होती.)

दुसरं म्हणजे, तिथे जीव लावायला माणूसच उरत नाही. नेड स्टार्क हा एक सरळमार्गी गडी मला आवडला होता. शॉन बीनने कामही झकास केलंय. नवव्या भागात भर चौकात त्याचं मुंडकं उडवलं! मित्र म्हणतात, खरी मजा तिथूनच सुरू होते. असेल बुवा. मी मात्र तिसऱ्यांदाही तिथेच टीव्ही बंद केला आणि भांडी घासायला उठलो.

सुरुवातीचं संगीत तेवढं अजून मोबाइलवर ऐकतो.