जर्मेनियम डिटेक्टर कसे तपासतात? आणि ते काम वणीकडच्या एखाद्या बंद कोळसा खाणीत होईल का?

मीही तिकडचाच, मारेगाव तालुक्यातला. असले डिटेक्टर, म्हणजे जर्मेनियमच्या स्फटिकात किरणोत्सर्गाने पडलेली ऊर्जा मोजणारी उपकरणं, तपासण्याच्या कामात काही वर्षं होतो, म्हणून लिहितोय. आधी ते कशासाठी लागतात ते सांगतो.

जर्मेनियम-७६ चं केंद्रक फार क्वचित एकदम दोन इलेक्ट्रॉन बाहेर टाकतं, सोबत दोन प्रतिन्यूट्रिनो (जवळजवळ वजन नसलेले, सहसा पकडले न जाणारे कण). याचं अर्धायुष्य सुमारे दोनावर एकवीस शून्यं इतकी वर्षं. प्रतिन्यूट्रिनो न निघता हे घडतं का, हा खरा शोध. घडलं तर डिटेक्टरने नोंदलेल्या ऊर्जांच्या आलेखात २०३९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला बारीक शिखर दिसायला हवं (ऊर्जेचे पुढचे आकडेही याच एककात). इटलीत ग्रान सासो डोंगराखाली गेर्डा प्रयोगाने २०२० मध्ये शेवटचा निकाल दिला: काही सापडलं नाही, अर्धायुष्य एकावर सव्वीस शून्यांपेक्षाही जास्त. अशा कामात डिटेक्टरला पकडता किती येतं यापेक्षा नको त्या घटना नाकारता किती येतात, हे मी आधी बघतो.

पहिलं काम थंड करायचं. खोलीच्या तापमानाला जर्मेनियममधून इतका प्रवाह गळतो की काही मोजता येत नाही. त्यासाठी उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन लागतो. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवतात तोच, त्यामुळे तालुक्यात तो अगदीच अनोळखी नाही. मग व्होल्टेज हळूहळू काही हजारांपर्यंत चढवत गळती बघायची. नंतर कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी स्रोत समोर ठेवून १३३२ च्या शिखराची रुंदी मोजायची. दोनाच्या आसपास आली की ठीक. कंपन्या हाच आकडा मिरवतात, मी त्याला फार भाव देत नाही.

खरी परीक्षा थोरियम-२२८ ची. तो विघटित होत जातो त्या साखळीतला थॅलियम २६१४ चा गॅमा किरण देतो. तो स्फटिकात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (धन भाराचा इलेक्ट्रॉन) यांची जोडी बनवतो. पॉझिट्रॉन विझताना निघालेले ५११ चे दोन्ही गॅमा निसटले, तर १५९२ ला शिखर येतं. तिथली सगळी ऊर्जा एकाच ठिकाणी पडलेली असते, अगदी आपल्याला हव्या त्या घटनेसारखी. एकच निसटला तर २१०३ ला शिखर येतं, आणि तिथे ऊर्जा बहुतेकदा दोन-तीन जागी विखुरते. दोन्हींच्या विद्युत स्पंदांचा आकार वेगळा असतो. १५९२ मधल्या नव्वद टक्के घटना ठेवून २१०३ मधल्या किती गाळता येतात, त्यावर डिटेक्टर पास की नापास.

(पऱ्हाटीला टाकतो त्या पोटॅशची गोणी शेजारी ठेवून बघा, १४६१ ला पोटॅशियम-४० चं ठळक शिखर येईल. खताच्या गोदामाशेजारची खोली नकोच.)

आता खाण. जमिनीवर अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे स्फटिकाच्या आतच जर्मेनियम-६८ आणि कोबाल्ट-६० तयार होतात. पहिल्याचं अर्धायुष्य २७१ दिवस, दुसऱ्याचं सव्वापाच वर्षं. त्यांचा किरणोत्सर्ग नको त्या घटना देतो, आणि बाहेरून कितीही शिसं लावा, आतलं जात नाही. म्हणून हे डिटेक्टर विमानाने नेत नाहीत, आणि गेर्डाच्या डिटेक्टरांची तपासणीही बेल्जियममध्ये मोल इथे २२३ मीटर खोल मातीखाली केली. डोक्यावरचा थर हे किरण अडवतो, म्हणजे खाणीचा विचार चुकीचा नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५ मध्येच वातावरणातले न्यूट्रिनो टिपले होते.

पण बंद कोळसा खाण नको. पंप काढले की पाणी भरतं, मिथेन साचतो, आणि तिथे हजारो व्होल्टची तार ओढायला मी तरी उतरणार नाही. खुली खाण असेल तर डोक्यावर दगडच नाही. भंडाऱ्याकडे मँगनीजची भूमिगत खाण चालू आहे, हवा खेळती ठेवण्याची सोय तिथे मुळातच असते; विचारायचंच तर आधी तिथे विचारा.