डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाडीत महिन्याभरात दोष निघाला, डीलर हात वर करतोय. काय करावं?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गरम झाला की झटके देतो, डीलर 'आहे त्या स्थितीत' या कलमावर बोट ठेवतो, हे तुमचं दुखणं कळलं. त्यावर खाली लिहिते. पण मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे: "घरचे म्हणतात, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच." हे 'चालायचंच' आमच्या घरात माझ्या दिराच्या तोंडून मी इतकं ऐकलंय की आता कोणी सहज म्हटलं तरी डोकं फिरतं.

जुन्या गाडीत क्लच घासलेला असतो, शॉक अब्सॉर्बर बसलेले असतात, बुश वाजतात. याला झीज म्हणतात आणि तिच्याबद्दल डीलरशी भांडू नये. पण जो दोष कोणाला तरी ठाऊक होता आणि त्याने हात लावून तो झाकला, तो दोष झीज कसा? तो गाडीच्या वयाबरोबर आला नाही, माणसाने आणला.

आमची गाडी भाऊजींनी ठरवली. त्यांच्या ओळखीचा डीलर. गाडी बाहेरच्या मेकॅनिकला दाखवू, असं मी म्हटलं, तर डीलरच्या आधी भाऊजीच म्हणाले, "वहिनी, असं बरं दिसत नाही. त्यांनी तपासणी अहवाल दिलाय ना?" दिला होता खरा. लांबलचक छापील कागद, प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण, खाली सही-शिक्का. 'एअरबॅग' समोरही खूण. तो कागद मी जपून ठेवला, कारण मला कागद जपायची सवय आहे, ज्यावरून घरात माझी चेष्टाही होते.

गाडी घेतल्यावर एकदा नवऱ्याची वाट बघत मी स्टिअरिंगवर बसले होते. गाणी ऐकायची म्हणून किल्ली फिरवली, इंजिन सुरू केलं नाही. मीटरमध्ये ऑइलचा दिवा लागलेला, बॅटरीचा लागलेला. ते बरोबरच, इंजिन बंद असताना ते लागलेलेच राहतात. पण एअरबॅगचा दिवाही लागलेला, आणि तो जाईचना. एअरबॅगचा दिवा इंजिनासाठी थांबत नाही. किल्ली 'ऑन' केली की यंत्रणा स्वतःची तपासणी करते, काही सेकंद दिवा लागतो आणि सगळं ठीक असेल तर आपोआप विझतो. इंजिन सुरू होवो न होवो.

मी इंजिन सुरू केलं. ऑइलचा दिवा विझला, आणि त्याच क्षणी एअरबॅगचाही. बंद करून परत तेच केलं. दोघं अगदी बरोबर, एका बटणावर असल्यासारखे. गाडीचं माहितीपुस्तक काढून वाचलं. नवऱ्याला दाखवलं, त्याला पटलं. संध्याकाळी भाऊजींना सांगितलं, तर म्हणाले, "दिवा विझतोय ना वहिनी? मग झालं."

गंमत ही की ज्याने हे केलं त्याचाही हिशोब नेमका हाच होता. दिवा मुळात लागलाच नाही तर कोणीतरी विचारेल. लागून विझला नाही तर कोणीही विचारेल. लागला आणि विझला की सगळे खूश. तो कशाबरोबर विझतो, हे कोण बघतंय?

आम्ही एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने आधी साधा स्कॅनर लावला, तो म्हणाला दोष नाही. डॅशखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावायचे स्वस्तातले स्कॅनर बहुतेक करून इंजिनाच्याच दोषांचे कोड वाचतात. 'स्कॅन केली, क्लीन आहे' हे डीलरचं वाक्य म्हणून खरंही असतं आणि निरुपयोगीही. मग त्याने एअरबॅगचं मॉड्यूल, म्हणजे तिचा छोटा कॉम्प्युटर, वाचणारा स्कॅनर आणला. त्यात निघालं की मॉड्यूलमध्ये धडकेची नोंद आहे आणि ड्रायव्हरच्या एअरबॅगचं सर्किट उघडं, म्हणजे तुटलेलं, आहे. त्याने बॅटरीची तार काढली, थोडा वेळ तसाच थांबला (आत कपॅसिटर असतो, तार काढल्यावरही काही काळ त्यात चार्ज राहतो, म्हणून घरी स्वतः उघडायच्या फंदात पडू नका) आणि स्टिअरिंगचं मधलं कव्हर काढलं. कव्हर फुटलं होतं, ते फायबर लावून जोडून वरून रंगवलं होतं. आत एअरबॅग नव्हती. कव्हर दाबलं तर पोकळ लागू नये म्हणून कापडाचा बोळा होता. मीटर उघडल्यावर दिसलं की एअरबॅगच्या दिव्याची मूळ वायर तोडून त्याला ऑइलच्या दिव्यावरून जोड दिलाय.

आता तपासणी अहवालातली ती बरोबरची खूण आठवा.

ड्रायव्हरचा सीटबेल्ट सोडल्यावर आळसात आत जायचा, त्याचाही उलगडा झाला. समोरून जोरात धडक बसली की बेल्टमधलं प्रीटेन्शनर उडतं आणि माणसाला सीटला आवळून धरतं. ते एकदाच चालतं, नंतर बदलावं लागतं. आमचं बदललेलं नव्हतं. म्हणजे त्या सीटवर एअरबॅग नाही आणि बेल्टही अर्धाच. त्या सीटवरून मी गाडी चालवत होते आणि मागे मुलं होती. आणि भाऊजी म्हणाले, "जुन्या गाडीत एवढं चालायचंच."

डीलरकडे गेलो तेव्हा कागद माझ्या हातात, बोलत होते मी, आणि तो उत्तरं देत होता माझ्या नवऱ्याला. "साहेब, मॅडमचा गैरसमज झालाय." पुढे कलम दाखवलं. 'आहे त्या स्थितीत.' मी तपासणी अहवाल समोर ठेवला आणि विचारलं, ही खूण कोणी केली? जी गोष्ट तुम्ही बोललाच नाहीत तिच्यासाठी ते कलम दाखवा. जी आहे असं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंत आणि ती नाही, तिच्यावर ते कलम कसं चालेल? मग फुकट सर्व्हिसिंग देऊ केलं. मग नवी एअरबॅग बसवून देतो म्हणाला. मी नको म्हटलं, कारण ज्याने बोळा बसवला त्याच्याच हातची एअरबॅग मला नको होती. गाडी परत, पैसे परत. इलेक्ट्रिशियनचा लेखी अहवाल, फोटो आणि पत्र पाठवलं. बरीच टाळाटाळ करून, कागदपत्रांचा खर्च कापून, हप्त्याहप्त्याने पैसे आले.

भाऊजी अजून म्हणतात की त्या किमतीत तशी गाडी पुन्हा मिळाली नसती. बरोबर, मिळाली नसती, ती स्वस्त का होती ते आता माहीत आहे. त्यांचं दुसरं म्हणणं असं की दोष धरूनच जुन्या गाडीचा भाव ठरतो, मग तक्रार कसली. यावर जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 सालीच लिहून ठेवलंय, उदाहरणही जुन्या गाड्यांचंच घेतलंय, आणि 2001 च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमागे त्याचं हेच काम होतं. विकणाऱ्याला दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा चांगल्या-वाईटाची सरासरी धरून भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, ती बाजारातून निघून जाते, आणि उरतात त्या झाकलेल्या. म्हणजे 'भावात धरलंय' असं म्हणून आपण लपवणाऱ्यालाच पोसतो आणि सरळ डीलरच्या पोटावर पाय देतो. हे मी जेवताना सांगितलं होतं. भाऊजींनी विषय बदलला.

आता तुमचं. डीलर 'गिअरबॉक्सचं तेल फुकट बदलून देतो' म्हणेल. लगेच हो म्हणू नका. जुनं तेल हा तुमचा पुरावा आहे. ते काळं पडलंय का, जळका वास येतो का, खालच्या पॅनमध्ये धातूचा कीस आहे का, हे आधी डीलरशी संबंध नसलेल्या माणसाकडून बघून लिहून घ्या. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमधले कोड इंजिनाच्या कोडपेक्षा वेगळे असतात, ते वाचता येणारा स्कॅनर लावायला सांगा. गिअर बदलण्याची पद्धत शिकताना हे युनिट स्वतःचे आकडे जुळवत राहतं. ते पुसून टाकले तर दोष काही दिवस दबू शकतो, पुसल्याची चिन्हं दिसतात का तेही विचारा. तुम्हाला दाखवलेली चाचणीची फेरी छोटी होती का? गिअरबॉक्सचे बरेच दोष तेल तापल्यावरच वर येतात. इंजिनाचं उलट असतं, गाडी घेताना ते थंडच बघावं. बोनेट आधीच गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जावं.

डीलरला जे सांगायचं ते लेखी सांगा, फोनवर नाही. त्याला कळवायच्या आधी दुरुस्ती करू नका, आणि केलीत तर काढलेले भाग फेकू नका. सहीच्या कागदात किंवा जाहिरातीत गिअरबॉक्सबद्दल एक शब्दही लिहिलेला असेल तर तोच धरून बसा. ग्राहक म्हणून तक्रार कुठे आणि किती मुदतीत करायची ते वकिलाला विचारा, मुदत मात्र चुकवू नका.

आणि हेही सांगायला हवं की प्रत्येक वेळी डीलरला माहीत असतंच असं नाही. त्याच्याकडेही गाडी कोणीतरी झाकूनच आणलेली असू शकते. आमच्या बाबतीत बोळा त्यानेच बसवला हे मी सिद्ध करू शकले नाही, अहवालावरची सही त्याची होती एवढंच. तुमचा गिअरबॉक्सही कदाचित नुसता थकलेला असेल, बऱ्याच किलोमीटरनंतर थकतात. तसं निघालं तर मात्र तुमच्या घरच्यांचं बरोबर आहे. पण ते पॅन उघडून बघितल्यावर ठरवा.